बाईंचं वलय

बाईंच्या क्लासला पाटी होती, पण पाटीवर नाव नव्हतं. कसबा बावड्यात, एका अंगाला ऊस आणि दुसऱ्या अंगाला नवी अपार्टमेंट अशा रस्त्यावर त्यांचं घर. वरच्या मजल्यावर जाणाऱ्या जिन्याच्या तोंडाशी एक पांढरा कोरा पत्रा टांगलेला. पत्ता शोधत येणारी पोरं तिथूनच पुढे निघून जायची आणि कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात विचारून परत यायची. मी एकदा न राहवून विचारलं, "बाई, पाटीवर नाव का न्हाय घातलं?"

"अक्षरांना सावली द्यायची म्हंजी उजेड कुठनं येतोय ते ठरवाय लागतंय," बाई म्हणाल्या. "सकाळचा उजेड धरून सावली दिली तर दुपारनंतर सूर्य तिकडं जाणार आणि पाटी खोटी बोलाय लागणार. माझ्याच दारात मी खोटी पाटी लावू व्हय?"

"मग सावली देऊच नका की."

"बिनसावलीचं भूत असतंय," म्हणाल्या, आणि विषय मिटला. पत्रा अजून कोराच आहे.

बाई गारगोटीच्या एका हायस्कुलात चित्रकला शिकवायच्या. नोकरी संपवून बावड्यात आल्या आणि ज्या वयात बायका गुडघ्यांना तेल लावायला बसतात त्या वयात कॉम्प्युटरवर चित्रं काढायला शिकल्या. व्हेक्टरची चित्रं. म्हणजे ठिपक्यांची नव्हे, रेघांची. कितीही मोठी करा, फाटत नाहीत. आपल्याकडचे फ्लेक्स, बाटल्यांची लेबलं, मसाल्याची पाकिटं सगळी अशीच तयार होतात. या वेडाचं कारण त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. "कागदावर वॉटरकलर करताना पांढरा राखाय लागतोय. एकदा त्याच्यावर रंग गेला की उजेड मेला. जल्मभर मी पांढरा राखत बसलो. हितं बघ, सगळं चित्र झाल्यावर उजेड वरनं आणून ठेवाय येतोय." बाई स्वतःबद्दल 'मी सांगतो, मी बघतो' असंच बोलायच्या. कोल्हापुरात बायकांनी असं बोललेलं कुणाला खटकत नाही.

दुसऱ्या क्लासांत महिन्याभरात हार, तुरे, कमानी, अक्षरं सगळं शिकवून मोकळे करायचे. बाई फक्त दोन गोष्टी शिकवायच्या, उजेड आणि काच. बाकीच्याला काय अक्कल लागत नाही, असं त्यांचं म्हणणं. सॉफ्टवेअरमध्ये तयार चकाकीचं एक बटण असतं, ते दाबलं की कुठल्याही वस्तूवर आपोआप चमक येते. त्या बटणाला आमच्याकडे बंदी होती. "बटन दाबून उजेड पडत नसतोय," बाई गरजल्या. एक पोरगा म्हणाला, "बाई, घरात तर बटन दाबल्यावरच पडतोय की." सगळा क्लास हसला, बाईसुद्धा हसल्या, आणि त्या दिवशी त्या पोराला चहा मिळाला नाही.

चहाचंही एक प्रकरणच होतं. चहा काचेच्याच ग्लासातून यायचा आणि आधी बघायचा, मग प्यायचा. ग्लासात खिडकी कुठे उमटली आहे, तळाशी टेबलाची कड उलटी का दिसते, ग्लासाच्या सावलीच्या पोटात उजेडाचा ठिपका कुठून आला, हे सांगितल्याशिवाय घोट घ्यायचा नाही. या नियमापायी त्या क्लासात मी कधी गरम चहा प्यायले नाही. काचेची सावली नुसती काळी नसते, तिच्या आत उजेड असतो, हे मात्र मला तिथे कळलं, आणि आज लोक माझ्या बाटल्यांच्या चित्रांना नावाजतात ते त्या गार चहामुळे.

बाईंच्या पर्समध्येही एक ग्लास असायचा. टपरीवर मिळतो तसला, कटिंगचा, जुन्या रुमालात गुंडाळलेला. बँकेत रांग असली की ग्लास बाहेर. एसटीत खिडकीची जागा मिळाली की ग्लास बाहेर. उजेडाकडे धरायचा आणि सावकाश फिरवत बसायचं. एकदा कंडक्टरनं विचारलं, "मावशी, पाणी पायजे का?" बाई म्हणाल्या, "पाणी नगं. जरा बाजूला सर. तुझा खाकी येतोय काचंत." तो बिचारा खरंच बाजूला सरला.

"काच म्हंजी चोंबडी शेजारीण," असं त्या म्हणायच्या. "सोताचं काय सांगत न्हाय, समोरच्या घरातलं सगळं सांगती. म्हणून काच काढाय जाऊ नका. काचंसमोर काय हाय ते काढा, काच आपसूक येती."

हे वाक्य मी पहिल्याच दिवशी ऐकलं, आणि तेही माझ्या चष्म्यावरून. माझी भिंगं जाड. शाळेत त्यावरून पोरं नको नको ते बोलायची, त्यामुळे नव्या ठिकाणी गेलं की मी मान खाली घालून बसायचे. बाई समोर आल्या, माझी हनुवटी धरली, तोंड खिडकीकडे वळवलं आणि सगळ्या क्लासला हाक मारली. "या रे, बघा! ह्या भिंगात अख्खी खिडकी हाय, गजासकट. ह्या भिंगात मी. ही पोरगी लई कामाची हाय, हिच्या तोंडावरच काच हाय!" पोरं वाकून वाकून माझ्या चष्म्यात बघत होती आणि पहिल्यांदाच कुणी हसत नव्हतं. पुढे क्लासात नवीन कुणी आलं की माझा चष्मा हा त्याचा पहिला धडा ठरून गेला. चष्म्याची लाज त्या जिन्यात कुठेतरी पडली ती मी परत शोधली नाही. बाईंचे माझ्यावर जे उपकार आहेत त्यांतला हा पहिला.

बाईंना रस्त्यानं नेणं अवघड काम होतं. गाडीवर मागे बसून त्या वाढदिवसाचे फ्लेक्स बघत. मध्येच माझ्या खांद्यावर थाप पडायची. "थांब! दोन सूर्य हाईत!" म्हणजे साहेबांच्या चेहऱ्यावर उजेड डावीकडून आणि गळ्यातल्या हारावर उजवीकडून. मग फ्लेक्सच्या खाली छापलेल्या नंबरावर फोन. "त्या माणसाचं डोकं एका गावात आन हार दुसऱ्या गावात हाय काय रे?" पलीकडचा माणूस विचारायचा, "आपण कोण बोलताय?" बाई म्हणायच्या, "मी रस्त्यावरनं बोलतोय."

कुठलंही चित्र समोर आलं की त्यांचा पहिला प्रश्न एकच, "ह्यो उजेड कुठनं आला?" उत्तर देता आलं नाही की चित्र बाद. या प्रश्नानं भल्याभल्यांची बोबडी वळायची. मी एकदाच त्यांना गप्प केलं. आमच्या वस्तीत बुद्धपौर्णिमेचा फ्लेक्स मी काढणार असं ठरलं होतं. मी बुद्धाची बसलेली मूर्ती काढली, मस्तकामागे प्रभा काढली आणि भीतभीत बाईंना दाखवली. प्रश्न आलाच. मी म्हटलं, "आतनं."

बाई बराच वेळ पडद्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आतनं येतोय तर मग चीवराच्या घड्या बाहेरच्या अंगाला काळ्या पडतील. हातावर बी खालनं उजेड येईल. कर तसं." मी तसं केलं. त्या वर्षी आमच्या वस्तीतले लोक फ्लेक्ससमोर थांबून थांबून बघत होते. माझे वडील साखर कारखान्यात कामाला, फारसं न बोलणारे. ते त्या दिवशी तीन-तीन ओळखीच्या माणसांना धरून फ्लेक्सपाशी घेऊन आले. त्या एका 'आतनं'चा अर्थ पुढे इतका वाढेल हे मात्र तेव्हा ना मला ठाऊक होतं, ना बाईंना.

दिव्याला वलय असतं, हे बाईंचं ठाम मत होतं. दिवा काढला की त्याभोवती आधी पिवळसर उजेडाचा गोळा, मग जरा अंतर सोडून निळसर कडं, आणि त्यातून बाहेर जाणारे केसासारखे बारीक किरण. पारदर्शकपणा मधून कडेकडे कसा वाढवत न्यायचा, एकावर एक थर कसे ठेवायचे, हे त्या इतकं सुरेख दाखवायच्या की बघत राहावं. क्लासच्या खिडकीतून संध्याकाळी साखर कारखान्याच्या आवारातले दिवे दिसत. मी त्यांच्याकडे टक लावून बसायचे. मला दिवा दिसायचा, कडं दिसायचं नाही.

"बाई, मला न्हाय दिसत."

"चष्मा पूस."

मी पुसला. "तरी बी न्हाय."

"मग बघाय शिक. दिसंल."

मला वाटलं, चष्मा काय उगीच लागलाय, डोळे आपलेच अधू. दिसेल कधीतरी म्हणून मी काढत राहिले. सगळेच काढत राहिले. बाईंची पोरं जिथे जिथे कामाला लागली तिथल्या फ्लेक्सवरच्या समईला, लेबलवरच्या बाटलीला तेच वलय आणि तीच पिवळसर झाक. प्रिंटिंगवाले लांबूनच ओळखायचे, "बावड्याच्या बाईंचं काम दिसतंय."

मग कागलच्या एमआयडीसीतून ते काम आलं. गाड्यांचे पुढचे दिवे बनवणारा एक कारखाना होता. त्यांना माहितीपुस्तिकेसाठी दिव्याचं चित्र हवं होतं, पेटलेला दिवा, वरची काच आणि काचेतून दिसणारा आतला सगळा भाग. फोटोत हे नीट येत नाही, चित्रच काढावं लागतं. बाईंना जसं काही देवानंच काम पाठवलं होतं. काच आणि उजेड एकाच वस्तूत! त्यांनी ते चित्र आम्हां कुणाला हात न लावू देता एकटीनं काढलं. काचेवरची एकेक वळलेली रेघ, आतल्या चकचकीत वाटीतलं एकेक प्रतिबिंब. आणि दिव्याभोवती अर्थातच वलय.

चित्र दाखवायला त्या मला बरोबर घेऊन गेल्या. तिथले साहेब पन्नाशीचे, बोलायला मऊ. त्यांनी चित्र खूप वेळ पाहिलं. म्हणाले, "मॅडम, काम लई सुंदर झालंय. पण आमच्या दिव्यात पाणी शिरल्यागत दिसतंय."

"म्हंजी?"

"काचेचा जोड कच्चा राहिला की आत ओल जाते. मग उजेड असा पसरतो, अशी कडी पडतात. असला दिवा आम्ही बाद करतो, मॅडम. तो पुस्तिकेत कसा घालू?"

"पावणं, उजेड असाच असतोय," बाई म्हणाल्या.

साहेबांनी वाद घातला नाही. एक नवा दिवा मागवून टेबलावर ठेवला, पडदे ओढले आणि दिवा लावला. "दाखवा, कुठं आहे ते."

बाई उठल्या. दिव्यापासून वीतभर अंतर ठेवून त्यांनी हवेत बोट फिरवलं. "हे काय हितनं हितपतोर पिवळं. आन ह्यो बाहेरचा निळा गोल. दिसत न्हाय व्हय तुमास्नी?" बोट जरासुद्धा थरथरत नव्हतं. जिथे काहीच नव्हतं तिथे त्या अगदी नेमका गोल काढत होत्या. मला फक्त दिवा दिसत होता आणि बाईंचं बोट.

साहेबांनी दिवा बंद केला, खुर्ची जवळ ओढली आणि मॅडमचं मावशी केलं. "मावशी, माझ्या आईला असंच दिसायचं. एकदा डोळं तपासून घ्या."

"उजेड मला शिकवू नका, पावणं," बाई म्हणाल्या आणि पर्स उचलून चालू लागल्या. परत येताना एसटीत खिडकीची जागा मिळाली, पण ग्लास बाहेर निघाला नाही. कोल्हापूरच्या अलीकडे कुठेतरी त्यांनी विचारलं, "तुला कधीच दिसलं न्हाय?"

"न्हाय, बाई. मी सांगितलं हुतं की."

"व्हय. सांगितलं हुतंस." त्यांनी मांडीवरच्या पर्सची चेन ओढून घेतली. "म्हंजी एवढ्या पोरांस्नी मी खोटं शिकवलं."

दुसऱ्या दिवशी क्लासला कुलूप. बाईंनी सगळ्या कॉम्प्युटरवर जुनी लुगडी टाकून ठेवली होती. ज्याला उजेड कळत नाही त्यानं शिकवू नये, एवढंच म्हणाल्या. हळूहळू पोरं दुसरीकडे पांगली. मलाही दुसरीकडे जाता आलं असतं, पण पाय निघेना. मला भीती एकच होती, की ही बाई आता पुन्हा चित्राला हात लावणार नाही. आई रोज भाकरी बांधून द्यायची आणि मी ती घेऊन त्यांच्या सोप्यात जाऊन बसायचे. त्या भिंतीकडे तोंड करून बसलेल्या असायच्या, खिडकीकडे पाठ.

एक दिवस मी चिडले. म्हटलं, "बाई, तुमीच सांगता न्हवं, दिसतंय तेच काढायचं, ठाऊक हाय ते न्हाय. तुमी दिसलं तेच काढलं. एक रेघ बी खोटी काढली न्हाय. चुकलं असंल तर आमचं, न दिसता काढलं ते."

बाईंनी माझ्याकडे वळून बघितलं. "ते मातर चुकलं तुमचं," म्हणाल्या. त्यांच्या आवाजात जुनी धार ऐकून मला इतकं बरं वाटलं, की मी त्याच दमात त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे चलायला सांगितलं. आणि त्या उठल्या.

डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला, दोन्ही डोळ्यांत. बाईंनी आपला प्रश्न विचारलाच. "मग ते वलय कुठनं येतंय?" डॉक्टर म्हणाले, वलय दिव्यापाशी नसतं, डोळ्यातलं भिंग गढूळ झालंय, उजेड तिथे पसरतो. बाई खुर्चीत पुढे सरकल्या. "म्हंजी वलय हाय. फकस्त आतनं हाय." डॉक्टर हो म्हणाले. बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की आम्हां दोघींनाही तो बुद्धपौर्णिमेचा फ्लेक्स आठवला. "मग मी खोटं न्हाय शिकवलं," त्या म्हणाल्या. "चुकीच्या जागी शिकवलं."

तरी ऑपरेशनला त्या तयार होईनात. दुसऱ्यानं बसवलेल्या भिंगातून बघायचं त्यांना पटेना. शेवटी डॉक्टरांनी दाखवायला ठेवलेलं एक नमुन्याचं भिंग डबीतून काढलं. मसुरीच्या डाळीहून थोडं मोठं. बाईंनी ते चिमटीत धरून उजेडाकडे नेलं आणि माझ्यासमोर केलं. "माझं डोळं गेलंत, तू बघ. खिडकी दिसतीय का ह्याच्यात?"

मी चष्मा कपाळावर चढवून अगदी जवळून बघितलं. "दिसतीय, बाई. उलटी."

"मग चालंल," बाई म्हणाल्या.

उजवा डोळा आधी झाला. पट्टी निघाल्यावर त्या क्लासात आल्या आणि दारातच थबकल्या. "ही भिंत कुणी रंगवली?" कुणीच रंगवली नव्हती. भिंत पहिल्यापासून पांढरीच होती, बाई तिला मलई रंगाची समजत होत्या. मग कपाट उघडून त्यांनी आपली लुगडी बघितली आणि प्रत्येकाला काहीतरी नवीनच रंग निघाला. त्या हसत होत्या आणि हसून डोळ्यात पाणी येईल म्हणून मी त्यांना हसू नका असं ओरडत होते. त्या डोळ्यात आता उजेड पडला की बारीकशी चमक उठायची, आणि नीट बघितलं तर त्या चमकेला खिडकीचा आकार असायचा.

"काय बघतीस?"

"खिडकी, बाई."

"आता माझी पाळी आली व्हय धडा हुयाची!"

त्यानंतर बाईंनी एकच ध्यास घेतला, पोरांना गाठून वलय बंद करायला लावायचं. एकेकाच्या दुकानात जाऊन त्या उभ्या राहत आणि मोठ्यानं सांगत, "माझं चुकलं, ते काढायचं बंद कर." सगळ्यांत शेवटी आम्ही गारगोटीला गेलो. तिथे बाईंच्या जुन्या विद्यार्थ्याचं फ्लेक्सचं दुकान होतं. त्यानं खुर्ची दिली, सरबत मागवलं, सगळं ऐकून घेतलं आणि डोकं खाजवलं. "बाई, तुमचं खरं हाय. पर गिऱ्हाईक मागतंय की! वलय न्हाय घातलं तर म्हणतंय, देव उघडा दिसतोय."

बाईंनी सरबताचा ग्लास उचलून उजेडाकडे धरला, थोडा फिरवला आणि मग प्यायल्या. "गिऱ्हाइकाचं डोळं कोण तपासणार?" एवढंच म्हणाल्या. पण परत येताना त्या गालातल्या गालात हसत होत्या हे मी बघितलं.

कागलचं चित्र त्यांनी नव्यानं काढलं. साहेब म्हणाले, "आता पाणी गेलं, मावशी." क्लास पुन्हा भरला. फक्त एक गोष्ट विचित्र होती. चित्र काढताना बाई डावा डोळा तळहातानं झाकून घेत. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन त्या पुढे पुढे ढकलत होत्या. कधी साखर वाढलीय, कधी पाहुणे येणार आहेत, कधी नुसतंच बघू. मी एकदा पिच्छा पुरवला तेव्हा आधी उजव्या, मग डाव्या डोळ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ह्यो डोळा गिऱ्हाइकाचा. ह्यो माझा." आणि संध्याकाळी खिडकीत उभं राहून उजवा डोळा मिटत, डावा उघडत, मग डावा मिटत, उजवा उघडत. कारखान्याच्या दिव्यांना वलय यायचं आणि जायचं. तेव्हा मला कळलं, की त्यांना या वलयाचा नुसता लळा नव्हता. इतकी वर्षं त्यांनी उजेड म्हणून ज्यावर प्रेम केलं ते हेच होतं, आणि ते आता जगात एका पिकत चाललेल्या डोळ्यात तेवढं शिल्लक होतं.

पुढे डॉक्टरांनी दम भरला, आणखी थांबलात तर डोळा हातचा जाईल. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी बाईंनी मला बोलावून घेतलं. संध्याकाळ होत होती. खिडकीपाशी दोन खुर्च्या मांडल्या होत्या, एक बाहेर तोंड केलेली, एक कॉम्प्युटरकडे.

"बस. मी सांगतो, तू काढ."

"बाई, मला दिसत न्हाय."

"मला दिसतंय न्हवं? उद्यापासनं कुणालाच दिसायचं न्हाय."

कारखान्याचे दिवे लागले. बाईंनी उजवा डोळा झाकून घेतला आणि बोलायला लागल्या. मधला गोळा केवढा, पिवळा किती, कडेला तांबूस कुठून सुरू होतो. मी थर ठेवत गेले. "फिका कर. अजून. उजेडाला कड नसती, पोरी, कड काढून टाक." निळं कडं त्या सांगत होत्या तेव्हा त्यांचा आवाज बारीक झाला. मी मागे वळले नाही. माझ्याही चष्म्यावर धुकं आलं होतं आणि तो पुसायला हात रिकामा नव्हता. इतकं जपून मी आयुष्यात दुसरं काही काढलेलं नाही. ज्या बाईनं मला बघायला शिकवलं, तिचं बघणं त्या संध्याकाळी माझ्या हातात होतं.

दुसऱ्या डोळ्याची पट्टी निघाल्यावर बाई वर आल्या आणि ते चित्र उघडायला सांगितलं. आमच्याकडे पडद्याला बोट लावायची सक्त मनाई होती, पण त्यांनी स्वतःच बोट टेकवलं आणि त्या निळ्या कड्यावरून सावकाश फिरवलं. कागलला हवेत फिरवलं होतं अगदी तसंच.

"आस्संच हुतं," म्हणाल्या. मग मला विचारलं, "दिसलं न्हवं तुला शेवटी?"

"दिसलं, बाई."

"झालं तर मग. आता पुसून टाक."

मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली.

"दिसतंय तेच काढायचं. आता मला बी दिसत न्हाय. न दिसणारं चित्र माझ्या क्लासात नगं."

मी "व्हय बाई" म्हटलं. मी आजवर बाईंचं सगळं ऐकलं आहे. गार चहा प्यायले, भर रस्त्यात गाडी थांबवली, तयार चकाकीच्या बटणाला अजून हात लावत नाही. हे एक मात्र माझ्याच्यानं झालं नाही.

बाई आता गारगोटीला भावाकडे असतात. क्लास मी चालवते. पोरांना मी उजेड आणि काच शिकवते, चहा आधी बघायला लावते, आणि वलय कुणी काढलं तर विचारते, तुला दिसलं का? अधूनमधून बाई न कळवता एसटीनं येतात. मागच्या खेपेला आल्या तेव्हा दुपार होती. पोरं जेवायला गेली होती. एका लेबलवरची बाटली मला साधत नव्हती, आणि काम अडलं की मी जे करते तेच करत बसले होते. दारात पाऊल वाजलं म्हणून मान वर केली, तर बाई. माझ्या पडद्याची पाठ त्यांच्याकडे होती.

चप्पल काढता काढताच त्यांनी विचारलं, "ते दिव्याचं चित्र पुसलंस का गं?"

"व्हय, बाई. तवाच."

बाई तिथूनच माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या. मग पर्समधून रुमाल काढला, ग्लास सोडवला, खिडकीत उजेडाला ठेवला.

"मग तुझ्या चष्म्यात दोन्ही भिंगांत त्यो पिवळा गोळा कसला दिसतोय? भोवतीनं निळ्या कडंचा?"

माझा हात माउसकडे गेला.

"ऱ्हाऊ दे," बाई म्हणाल्या. "चहा टाक."